शेजाऱ्याची किल्ली आपल्या कप्प्याला लागते तेव्हा: ट्रेलर कॅम्पिंगमधलं चोरीचं एक प्रकरण

ऑगस्ट २०२५. वायोमिंगमधलं ग्रँड टिटन राष्ट्रीय उद्यान, जॅक्सन लेकच्या काठचं कोल्टर बे कॅम्पग्राउंड. तिथे ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन उतरलेल्या एका मराठी कुटुंबाने मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेंजरकडे चोरीची तक्रार केली. यादीत आठ गोष्टी होत्या: जनरेटर, कूलर, दोन बर्नरची गॅसची शेगडी, तिच्यावरचा प्रेशर कुकर, घडीच्या चार खुर्च्या, विजेचा अ‍ॅडॅप्टर, पाण्याचा प्रेशर रेग्युलेटर आणि एक कोल्हापुरी चप्पल. किंमत धरली तर दोन हजार डॉलरच्या आसपास. तक्रारीबरोबर त्यांनी एका माणसाकडे बोटही दाखवलं. शेजारच्या जागेवर एकटाच उतरलेला, पिकअपवर कॅम्पर, म्हणजे राहायची छोटी खोली, बसवून फिरणारा एक निवृत्त गृहस्थ.

आठांपैकी चोरीला गेलेली वस्तू एकच निघाली. तीही तिथे गेलेली नव्हती. जवळजवळ तीनशे मैल मागे, वेगळ्या राज्यात, तिथे पोहोचण्याच्या आदल्या रात्री गेली होती.

हे कुटुंब माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. तक्रार केली त्या रात्री त्यांनी मला फोन केला आणि घरी परतल्यावर आम्ही बसून फोटो, बिलं, पावत्या समोर ठेवून सगळा घटनाक्रम जुळवला. त्यांच्या परवानगीने, त्यांची ओळख बाजूला ठेवून तो इथे मांडतो आहे. अमेरिकेत ट्रेलर घेऊन बाहेर पडणारी मराठी कुटुंबं आता बरीच दिसतात. वस्तू दिसेनाशी झाली की आपलं डोकं कुठल्या दिशेला धावतं, ते या प्रकरणात स्पष्ट दिसतं.

मंडळी आणि प्रवास

नवरा-बायको, चौदा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेल्या आजी. गाडी म्हणजे पिकअप आणि मागे २४ फुटी ट्रेलर. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून निघून पहिली रात्र नेवाडात विनेमकाजवळच्या एका खासगी आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे ट्रेलर-मोटरहोम उतरवायच्या तळावर, काढली. तिथे वीज, पाणी, सांडपाणी अशी तिन्ही जोडणी होती. दुसरी रात्र आयडाहोत, महामार्गालगतच्या एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये. अशी काही दुकानं ट्रेलरवाल्यांना एक रात्र फुकट थांबू देतात, आणि लांबच्या प्रवासात मधला मुक्काम म्हणून बरेच जण ते करतात. तिसऱ्या दिवशी आयडाहो फॉल्स, पॅलिसेड्स जलाशय, अल्पाइन, जॅक्सन या रस्त्याने कोल्टर बे. टिटन खिंडीतला रस्ता जवळचा आहे, पण त्याला दहा टक्क्यांचा चढ-उतार आहे. ट्रेलर मागे असताना त्यांनी तो टाळला, ते शहाणपणाचंच केलं.

कोल्टर बेच्या कॅम्पग्राउंडवर त्यांच्या जागेला वीज-पाण्याची जोडणी नव्हती. म्हणून होंडाचा २२०० वॅटचा लाल जनरेटर बरोबर घेतला होता. पिकअपच्या हौद्यात, केबिनला लागून असलेल्या कोपऱ्यात तो ठेवलेला, प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या बारीक तारेच्या केबलने बांधलेला, वरून निळी ताडपत्री. हौद्यात बाकी दोन सायकली, चटया आणि मुलांचं सामान.

किल्लीचा प्रसंग

पोहोचल्या दिवशी दुपारी ट्रेलर समतल करायला लाकडी ठोकळे काढले आणि मुलीने बाहेरच्या सामानाचा कप्पा ढकलून बंद केला. किल्ल्यांचा जुडगा आतच. नवरा सुटे पान्हे शोधत असताना शेजारचे गृहस्थ आले, त्यांनी खिशातून आपला जुडगा काढला, त्यातली एक छोटी चपटी किल्ली निवडली आणि या कुटुंबाच्या ट्रेलरचा कप्पा उघडला. पाव फेरा, बस्स. किल्लीच्या डोक्यावर ठसठशीत अक्षरं कोरलेली होती: सीएच ७५१.

सगळे हसले, आभार मानले, आजींनी त्यांना पेल्यातून चहा दिला. त्या क्षणी कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

चोवीस तासांनी तीच किल्ली पुरावा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून सगळे हर्मिटेज पॉइंटच्या वाटेने चालायला गेले. संध्याकाळी परत आले तर टेबल मोकळं. कूलर नाही, शेगडी नाही, शेगडीवरचा कुकर नाही. खुर्च्याही गायब. आजींचा पहिला प्रश्न, "अगं, माझा कुकर कुठे गेला?" तो कुकर त्यांनी सांगलीहून बॅगेत घालून आणला होता, त्यामुळे त्यांना बाकी कशाचं काही वाटलं नाही.

आत गेल्यावर ट्रेलरच्या पॅनेलवर बॅटरीचे चार दिवे असतात, त्यांतला एकच लागला. ताडपत्री उचलली तर जनरेटर नाही आणि कापलेल्या केबलचं टोक लोंबकळतंय. मग धडाधड एकेक कप्पा उघडून बघणं सुरू झालं. तीस अँपिअरच्या प्लगला पन्नासचा सॉकेट जुळवून देणारा आखूड अ‍ॅडॅप्टर नाही, पाण्याचा पितळी रेग्युलेटर नाही. पायरीजवळ काढून ठेवलेल्या आजींच्या कोल्हापुरीपैकी डावी नाही.

नवऱ्याने हिशोब मांडला: कप्पा कुलूपबंद होता, फोडलेला नाही, आतल्या वस्तू गेल्या, आणि त्या कप्प्याची किल्ली शेजाऱ्याकडे आहे. "काल आपल्यासमोरच उघडला ना त्याने!" बायकोने एकदा म्हटलं की जरा थांब, आधी नीट बघू. पण अंधार पडत होता, रात्री तिथे ऑगस्टमध्येही कडाक्याची थंडी पडते, आणि सासूबाई अनवाणी उभ्या होत्या. तो सरळ गेला आणि रेंजरला शेजाऱ्याचा साइट नंबर सांगून आला.

सीएच ७५१ म्हणजे काय

इथे मला थांबायचं आहे, कारण सगळा संशय या एका किल्लीवर उभा होता.

अमेरिकेत बनणाऱ्या ट्रेलर, मोटरहोम आणि पिकअपवरच्या कॅम्परमध्ये बाहेरच्या कप्प्यांना जे छोटं कुलूप बसवतात त्यासाठी अनेक कंपन्या वर्षानुवर्षं एकच किल्ली वापरत आल्या आहेत: सीएच ७५१. कारखान्याला स्वस्त पडतं, विक्रेत्याला प्रत्येक कप्प्यासाठी वेगळी किल्ली सांभाळावी लागत नाही. ही किल्ली ऑनलाइन चार-पाच डॉलरला मिळते. कॅम्पग्राउंडवर शंभर ट्रेलर उभे असतील तर त्यातल्या कितीतरी कप्प्यांना तुमच्या खिशातली किल्ली लागेल, आणि त्यांची तुमच्या.

म्हणजे शेजाऱ्याच्या किल्लीने कप्पा उघडला, याचा अर्थ एवढाच की त्यांचा कॅम्परही तसल्याच कुलपाचा होता. ते कुलूप दार उघडं पडू नये म्हणून आहे. चोराला अडवण्यासाठी ते कधीच नव्हतं. ट्रेलर विकत घेताना ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत, आणि माझ्या मते ती सांगायलाच हवी. बदलायला वेळही लागत नाही. आतून एक नट आणि एक स्क्रू, कुलपाच्या नळीची लांबी मोजून तेवढंच वेगळ्या किल्लीचं कुलूप आणायचं, प्रत्येक कप्प्याला दहा मिनिटं.

पण ट्रेलर घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊकच नसतं. आणि ठाऊक नसलं की दुसऱ्याची किल्ली आपल्या कुलपात फिरताना बघणं हा मनात रुतून बसणारा अनुभव होतो.

रेंजरने काय विचारलं

रेंजर बाईंनी तक्रार लिहून घ्यायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक वस्तूसाठी एकच प्रश्न विचारला: ही शेवटची कधी पाहिलीत, आणि कुठे? "असायला हवी होती" हे उत्तर त्या घेत नव्हत्या. हाताने किंवा डोळ्यांनी शेवटची कधी, तेवढंच.

कूलर, शेगडी, कुकर: आज सकाळी, टेबलावर. खुर्च्या: आज सकाळी, टेबलाभोवती. चप्पल: काल रात्री, पायरीजवळ. अ‍ॅडॅप्टर आणि रेग्युलेटर: इथे नवरा अडखळला. या मुक्कामावर त्या दोन्हींची गरजच नव्हती, कारण इथे जोडणी नव्हती. शेवटचे हातात घेतले होते ते विनेमकाला. जनरेटर: आयडाहोत, परवा संध्याकाळी, नक्की.

पहिल्या तीन वस्तूंचं उत्तर रेंजर बाईंकडेच होतं. त्या उद्यानाच्या लोकांनी उचलून नेल्या होत्या.

ग्रँड टिटन हा अस्वलांचा मुलूख. इथे खाण्याचे पदार्थ तर सोडाच, खाणं शिजवायची किंवा ठेवायची कुठलीही वस्तू माणूस जवळ नसताना उघड्यावर ठेवता येत नाही. रिकामा कूलर, धुतलेली शेगडी, भांडी, पाण्याचे डबे, सगळं एकतर गाडीत किंवा जागेजवळच्या लोखंडी अस्वलपेटीत. नियम मोडलेला दिसला तर वस्तू जप्त होऊ शकतात. सकाळी पोह्यांची फोडणी दिलेली शेगडी आणि वरण शिजवलेला कुकर टेबलावर ठेवून हे लोक दिवसभर निघून गेले होते. उचलणाऱ्यांनी टेबलाच्या फळीला दोरीने चिठ्ठी बांधली होती: साइट नंबर, काय नेलं, कुठून परत घ्यायचं. दुपारच्या वाऱ्यात ती उलटून फळीखाली गेली आणि कोणी वाकून पाहिलं नाही.

हा नियम कडक का आहे, ते आजींना रेंजर बाईंनी समजावलं, नातवाने मराठीत सांगितलं. टिटनमधली ३९९ नंबरची अस्वलीण जगभर प्रसिद्ध होती. २०२० मध्ये ती चार पिल्लांना घेऊन बाहेर पडली तेव्हा लोक तिला बघायला रस्त्याच्या कडेला रांगा लावून उभे राहिले. त्या चारांपैकी एकाला माणसांच्या वस्तीतल्या खाण्याची चटक लागली आणि २०२२ मध्ये वायोमिंगच्या वन्यजीव खात्याला त्याला मारावं लागलं. ३९९ स्वतः ऑक्टोबर २०२४ मध्ये जॅक्सनच्या दक्षिणेला गाडीच्या धडकेत गेली. फोडणीचा वास आपल्याला घरचा वाटतो. अस्वलाला तो पत्ता असतो. आजींनी ते ऐकून घेतलं आणि कुकर परत मिळाल्यावर रोज स्वतः अस्वलपेटीत ठेवू लागल्या.

वस्तू दंड न होता, समज देऊन परत मिळाल्या.

खुर्च्यांचं उत्तर रेंजर बाई त्यांच्याबरोबर ट्रेलरपाशी आल्या तेव्हा मिळालं. त्यांनी टॉर्च ट्रेलरच्या खाली मारला. चाकांच्या मागे चारही खुर्च्या घडी करून, रबरी दोरीने एकत्र बांधून ठेवलेल्या. दुपारी तीनच्या सुमारास तळ्यावरून वादळी वारा आला होता. डोंगराळ भागात उन्हाळ्यातल्या दुपारी असा वारा नेहमीच उठतो. खुर्च्या उडून तळ्याच्या दिशेने जायला लागल्या तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी त्या गोळा करून आत सरकवल्या होत्या. दोरी त्यांची स्वतःची होती.

ज्या माणसाचं नाव तक्रारीत गेलं होतं, त्यानेच सामान वाचवलं होतं.

जनरेटर

उरला जनरेटर, आणि तो खरंच चोरीला गेला होता.

इतका उशिरा का लक्षात आलं, ते समजून घेण्यासारखं आहे. प्रवासात पिकअपच्या वीजजोडणीतून ट्रेलरची बॅटरी भरत राहते, त्यामुळे कोल्टर बेला पोहोचले तेव्हा ती भरलेली होती. रात्री तापमान खाली गेल्यावर फर्नेस, म्हणजे ट्रेलर गरम ठेवणारी भट्टी, चालू राहिली. ती गॅसवर तापते, पण तिचा पंखा बॅटरीवर चालतो आणि सात-आठ अँपिअर ओढतो. ऐंशी अँपिअर-अवरच्या साध्या शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वीज वापरायची असते, नाहीतर ती लवकर खराब होते. म्हणजे वापरण्याजोगे चाळीस. पहिल्या रात्रीत ती जवळजवळ संपली. सकाळी पॅनेलकडे कोणी पाहिलं नाही, संध्याकाळी पाहिलं. चोरी आणि तिचा शोध यांच्यात जो काळ गेला तो बॅटरीने दिलेला. त्या काळात ट्रेलर एका नव्या जागी येऊन थांबला होता, आणि संशय आपोआप त्या जागेवर आला.

जनरेटर आयडाहोत गेला असं कशावरून? इथे आजींचा फोन कामी आला.

पार्किंगमधल्या मुक्कामाच्या संध्याकाळी आभाळ गुलाबी झालं होतं. आजींनी सांगलीतल्या बहिणीला पाठवायला फोटो काढला. आभाळाखाली पिकअपचा हौदा आलेला आहे आणि ताडपत्रीच्या कोपऱ्यातून लाल रंग डोकावतो आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या प्रतीत फोटोची वेळ आणि जागा राहत नाही, पण आजींच्या फोनमधला मूळ फोटो शाबूत होता: रात्री ८.२२, आयडाहोची वेळ.

दुसरा फोटो मुलाच्या कॅमेऱ्यातला, पॅलिसेड्स जलाशयाच्या काठावरचा. मागे पिकअप उभी आहे, आणि ताडपत्रीचा तोच कोपरा खाली बसलेला आहे. लाल काही दिसत नाही. त्या फोटोवर वेळ होती १०.०५. पण आयडाहो फॉल्समधल्या नाश्त्याचं बिल ९.४८ चं होतं, आणि तिथून पॅलिसेड्स पंचावन्न मैल. ट्रेलर ओढत सतरा मिनिटांत तिथे कोणी पोहोचत नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ घरच्या, म्हणजे पॅसिफिक वेळेवरच होतं. आयडाहोचा तो भाग माउंटन वेळेत येतो, एक तास पुढे. खरी वेळ ११.०५.

म्हणजे चोरीची खिडकी रात्री ८.२२ ते सकाळी ११.०५. तेवढ्यात नाश्त्याचा थांबा येतो, पण तिथे पिकअप त्यांच्या टेबलाच्या काचेसमोर उभी होती. पार्किंगमधून ते सकाळी साडेसहाला, उजाडता उजाडता निघाले होते आणि ताडपत्री कोणी हात लावून पाहिली नव्हती. चोराने केबल कापून, जनरेटर उचलून, ताडपत्री परत नीट पांघरली होती. बोल्ट कटरपुढे ती केबल एका दाबाची. आणि जनरेटर जेमतेम एकवीस किलोचा, वरच्या मुठीला धरून एका हाताने नेता येतो. हलका, कमी आवाजाचा, जुना झाला तरी चांगली किंमत येणारा. ज्या गुणांमुळे तो आपण विकत घेतो, त्याच गुणांमुळे तो चोरतात.

तक्रार कुठे करायची हाही प्रश्न होता. ग्रँड टिटनमधले रेंजर आयडाहोतल्या पार्किंगमधली चोरी तपासू शकत नाहीत. ज्या शहरात ती झाली तिथल्या पोलिसांकडेच ती नोंदवावी लागते. अमेरिकेत अनेक शहरांचे पोलीस, संशयित माहीत नसलेल्या किरकोळ चोरीची तक्रार ऑनलाइन घेतात. इथेही तसंच झालं. फॉर्ममध्ये एक रकाना होता: सीरियल नंबर. तो त्यांच्याकडे नव्हता.

पुढचा सगळा तपास त्या रिकाम्या रकान्यावर अडतो. चोरलेल्या वस्तूचा सीरियल नंबर असेल तर पोलीस तो एफबीआयच्या राष्ट्रीय यादीत घालू शकतात, आणि मग देशात कुठेही तो जनरेटर पोलिसांच्या हाती लागला की जुळतो. नंबर नसेल तर तो फक्त एक लाल जनरेटर असतो, आणि तसे हजारो आहेत. घरी परतल्यावर खोक्यावरचा स्टिकर सापडला, नंबर पोलिसांना कळवला, पण तोवर दहा-बारा दिवस गेले होते. वस्तू मिळालेली नाही.

विम्याचं त्यांनी विचारलं तेव्हा मी भरपाई मागू नका असाच सल्ला दिला. ट्रेलरचा विमा सहसा ट्रेलरला आणि त्याला पक्क्या बसवलेल्या गोष्टींना लागू होतो. पिकअपच्या हौद्यातलं सुटं सामान घराच्या विम्यातून मागावं लागतं. त्यांच्या पॉलिसीत पहिले हजार डॉलर स्वतःच्या खिशातून जाणार होते, जनरेटर नवा बाराशेच्या आसपास, आणि जुना झाल्याची घट वेगळी. हातात जवळजवळ काहीच आलं नसतं, पण मागणीची नोंद विमा कंपन्यांच्या सामाईक दप्तरात सात वर्षांपर्यंत राहते.

अ‍ॅडॅप्टर, रेग्युलेटर, चप्पल

रेग्युलेटर आणि अ‍ॅडॅप्टर विनेमकाच्या पार्कमध्ये राहिले होते, दोन्ही एकाच जागेवर. पार्कच्या मालकीणबाईंनी फोनवर लगेच सांगितलं, टपालखर्च घेऊन पाठवूनही दिले.

ट्रेलरवाल्यांच्या हातून सर्वांत जास्त राहून जाणाऱ्या या दोन वस्तू असाव्यात, आणि त्याला कारण आहे. रेग्युलेटर नळाला बसतो, त्याला पाइप. निघताना आपण पाइप सोडतो, गुंडाळतो, कप्प्यात टाकतो. काम झालंसं वाटतं, पण सुटलेला सांधा मधला आहे, रेग्युलेटर नळालाच आहे. अ‍ॅडॅप्टरचंही तेच: आपल्या केबलचा प्लग अ‍ॅडॅप्टरमधून खेचून निघतो, अ‍ॅडॅप्टर विजेच्या खांबालाच अडकून राहतो. मधली वस्तू नेहमी परक्याच्या बाजूला राहते. म्हणून सोडताना नळापासून आणि खांबापासून सुरुवात करावी, ट्रेलरकडे येत जावं.

निघण्याआधी ट्रेलरभोवती पूर्ण प्रदक्षिणा घालायची सवय अनेकांना असते, पण ती फक्त डोळ्यांनी घालतात. प्रत्येक जोडणीला हात लावून घातली तर ताडपत्रीखालचा रिकामा कोपराही त्याच दिवशी कळला असता.

चप्पल मिळाली नाही. एकच चप्पल माणूस नेत नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगतो. त्याच उन्हाळ्यात कोल्टर बेच्या उत्तरेला असलेल्या लिझर्ड क्रीक कॅम्पग्राउंडवर एक कोल्हा लोकांचे बूट पळवतो म्हणून उद्यानाने जाहीर सूचना केली होती. घामाचं मीठ मुरलेलं चामडं त्यांना आवडत असावं. आजींची कोल्हापुरी कोल्ह्यानेच नेली हे सिद्ध करता येणार नाही, पण दुसरी कुठलीच शक्यता मला तितकी पटत नाही.

हरवलेल्या वस्तूंबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. राष्ट्रीय उद्यानात सापडलेली वस्तू उद्यानाकडे जमा करणं हे संघीय नियमांनी बंधनकारक आहे, ती स्वतःजवळ ठेवणं हाच नियमभंग. सापडलेली वस्तू उद्यान साठ दिवस ठेवतं. त्यामुळे परत आल्यावरही उद्यानाच्या हरवले-सापडले विभागाला वर्णन कळवायला उशीर झालेला नसतो.

तक्रारीतला माणूस

रेंजर बाई शेजाऱ्याशी त्या रात्रीच बोलल्या होत्या. खुर्च्या सापडण्याआधी. तक्रारीत साइट नंबर आल्यावर त्यांना ते करावंच लागलं. त्या गृहस्थांनी शांतपणे आपला कॅम्पर उघडून दाखवला.

हा भाग माझ्या मनाला सर्वांत जास्त लागतो. जनरेटर परत विकत घेता येतो. आपण परक्या देशात, परक्या चेहऱ्याने राहणारी माणसं. कुठल्याशा कॅम्पग्राउंडवर कोणी "त्या भारतीय कुटुंबाकडे बघा" म्हणून आपला साइट नंबर दिला असता, तर ती रात्र आपल्याला आयुष्यभर विसरता आली नसती. त्या माणसालाही येणार नाही. संशय घेणं हा गुन्हा नाही, पण तो नोंदवण्याआधी ट्रेलरखाली वाकून बघण्याइतका वेळ त्या कुटुंबाकडे होता.

नवरा दुसऱ्या दिवशी पहाटेच शेजाऱ्याकडे गेला आणि स्पष्ट शब्दांत माफी मागितली. ते म्हणाले की मी कुलपाचं तुला परवाच सांगायला हवं होतं. ते त्याच सकाळी निघणार होते, निघाले. बायकोने आग्रह धरला आणि नवऱ्याने रेंजर कार्यालयात जाऊन तक्रारीत लेखी दुरुस्ती केली: शेजाऱ्यावरचा संशय चुकीचा होता, खुर्च्या त्यांनीच सुरक्षित ठेवल्या, जनरेटर उद्यानाबाहेर गेला. तोंडी माफी माणसापर्यंत पोहोचते, पण कागदावरचं नाव कागदावरच खोडावं लागतं. मला त्या दोघांचं हे करणं फार मोलाचं वाटतं.

सध्याची स्थिती

पोलिसांकडची तक्रार सीरियल नंबरसह नोंदलेली आहे, धागादोरा नाही. कप्प्यांची सगळी कुलपं बदलली, चारही एकाच नव्या किल्लीची. जनरेटर पुन्हा घेतला नाही. त्याऐवजी १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी ट्रेलरच्या आत पलंगाखाली बोल्टने बसवली आणि छतावर सौर पॅनेल. लिथियम बॅटरीसाठी ट्रेलरचा जुना चार्जर बदलावा लागतो, तो खर्च धरूनच निर्णय घेतला. झाडांच्या दाट सावलीत पॅनेल कमी पडेल, ते त्यांना ठाऊक आहे. तशा जागा ते आता घेत नाहीत. प्रत्येक महागड्या वस्तूच्या नंबरपट्टीचा फोटो दोघांच्या फोनमध्ये आहे, आणि मुलाच्या कॅमेऱ्याचं घड्याळ राज्य बदललं की तो स्वतः बदलतो.